पिसाच्या बदल्यात वाळवी: नागपूरचे दोन मुक्तिबोध

मिहानमधली शिफ्ट संपवून खापरीहून मेट्रोने बर्डीकडे निघाला असाल, तर आजचा भाग तुमच्यासाठीच आहे. प्रश्न साधा आहे: गोष्टीत तत्त्वज्ञान आणायचं कसं?

मराठीत याचं एक उत्तर १९१५ मध्ये आलं. वामन मल्हार जोशी तत्त्वज्ञान शिकलेले. त्यांच्या 'रागिणी' कादंबरीतली पात्रं चक्क वादविवाद करतात. म्हणजे विचार थेट संवादातच.

पुढे वेगळी वाट शोधणारे दोन भाऊ आपल्या नागपुरात राहिले. थोरले गजानन माधव मुक्तिबोध. घरची भाषा मराठी, पण लिहिलं हिंदीत. १९४८ ते १९५८ ते नागपुरात होते. आकाशवाणीत नोकरी केली, मग 'नया खून' साप्ताहिकात. पैशाची ओढाताण कायमचीच. धाकटे शरच्चंद्र इथेच प्राध्यापक होते आणि मराठीत लिहायचे. १९५४ च्या 'क्षिप्रा'नंतर 'सरहद्द' आणि 'जन हे वोळतु जेथे' अशी त्यांची कादंबरीत्रयी पूर्ण झाली. दोघांवर मार्क्सवादाचा प्रभाव होता. दोघांना एकच गोष्ट छळत होती: शिकलेला मध्यमवर्गीय माणूस नेमका कुठे विकला जातो?

गजाननरावांची 'पक्षी और दीमक' ही कथा घ्या. एका पक्ष्याला वाळवी खायची चटक लागते. खाली गाडीवाला ओरडत असतो, एक पीस द्या, दोन वाळव्या घ्या. बाप समजावतो, पण पोरगं ऐकत नाही. रोज एक पीस. एक दिवस उडताच येत नाही. मग तो जमिनीवर फिरून स्वतःच वाळव्यांचा ढीग जमवतो आणि गाडीवाल्याकडे पिसं परत मागतो. गाडीवाला हसतो. त्याचा धंदा उलटा चालत नाही. शेवटी मांजर येतं आणि पक्ष्याला घेऊन जातं.

ही गोष्ट कथेतला निवेदक आपल्या मैत्रिणीला सांगतोय. सांगता सांगता त्याला कळतं, अरे, हा पक्षी तर मीच!

कथेत 'शोषण' किंवा 'तडजोड' यावर भाषण नाही. 'रागिणी'तल्या पात्राशी तुम्ही वाद घालू शकता. या पक्ष्याशी काय वाद घालणार? तोवर आपण स्वतःची पिसं मोजायला लागलेलो असतो. गोष्टीची ताकद ती हीच.

पगार वाईट नाही हो, पोट सगळ्यांनाच आहे. पण पक्ष्याने सगळे पंख एकदम दिले नव्हते. रोज एकच पीस दिलं होतं.

बर्डी येईपर्यंत आठवून बघा, आज आपण काय दिलं?

भेटू पुढच्या भागात.