टी-३४ रणगाडा : बाहेरून भक्कम, आत अडचण
मार्च १९४० मध्ये टी-३४ चे दोन नमुने खार्कीवहून मॉस्कोपर्यंत चालवत नेले गेले. डिझायनर मिखाईल कोश्किनही सोबत होते. थंडीत त्यांना न्यूमोनिया झाला आणि सप्टेंबरमध्ये त्यांचं निधन झालं.

रणगाड्याचं समोरचं चिलखत फक्त ४५ मिलिमीटर जाड, पण ६० अंशांत तिरकं. त्यामुळे समोरून येणाऱ्या गोळ्याला दुप्पट पोलाद भेदावं लागे. पट्टे रुंद, म्हणून चिखलातही तो सहसा रुतत नसे. १९४१ मध्ये जर्मन सैन्य चक्रावलं ते यामुळेच.

आतली गोष्ट वेगळी. तोफेच्या बुरुजात दोघांचीच जागा, त्यामुळे लढाईवर लक्ष ठेवायचं सोडून कमांडरलाच नेम धरावा लागे! सुरुवातीला अनेक रणगाड्यांत रेडिओही नव्हता. १९४४ मध्ये आलेल्या टी-३४-८५ च्या बुरुजात तिसरा माणूस मावला. युद्धभरात सुमारे ४५ हजार टी-३४ गमावले गेले.