अदलाबदलक्षम नळीचे रिव्हॉल्व्हर

अदलाबदलक्षम नळीचे रिव्हॉल्व्हर म्हणजे नेमबाजाला स्वतः नळी बदलता येईल असे हातशस्त्र. डॅन वेसन हे या प्रकारातील सर्वांत परिचित नाव होय. स्मिथ अँड वेसनचे सहसंस्थापक डॅनियल बी. वेसन यांच्या पणतूने १९६८ मध्ये ही कंपनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात स्थापन केली. नळीची रचना कार्ल लुइस यांची आहे.

रचना

पातळ नळी चौकटीत आट्यांनी बसते. तिच्यावर आवरण चढवून तोंडाशी नट आवळतात, त्यामुळे नळी दोन्ही टोकांना ताणलेली राहते. काही नळ्यांच्या तोंडाजवळ वरच्या बाजूस खाचा असतात. त्यांतून वायू वर निसटतो आणि शस्त्राची उसळी कमी होते.

देखभाल

नळी बसवताना ती व गोळ्यांचे फिरते चक्र यांतील फट मापकपट्टीने सुमारे ०.००६ इंच (०.१५ मिमी) ठेवतात. फट कमी पडल्यास चक्र अडकते. जास्त झाल्यास वायू व शिशाचे कण बाजूला उडून इजा होऊ शकते. खाचांतील काजळी नियमित काढावी लागते. भंडारदऱ्यासारख्या अतिपावसाच्या प्रदेशात आवरणाखाली ओल राहून गंज धरण्याचा धोका असतो.

संग्रह व कायदा

वेगवेगळ्या लांबीच्या नळ्यांचा मूळ पेटीसह असलेला संच संग्राहकांना विशेष मोलाचा वाटतो. भारतात मात्र शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार अग्निशस्त्राच्या व्याख्येत त्याचे भागही येतात. त्यामुळे सुटी नळी हीसुद्धा केवळ संग्रहाची वस्तू ठरत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने सर्वसाधारण परवानाधारकासाठी शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आली. वारशाने मिळालेली शस्त्रेही याच मर्यादेत मोजली जातात.