दिसलं ते लिहा

‘तू आयुष्यभर चरबी आणि कोलेस्टेरॉल शिकवलंस, त्यावर काहीतरी लिही,’ असा निरोप स्मरणिकेच्या मंडळींकडून आला. विषय रुक्ष आहे, पण त्यातल्या एका संशोधकाची गोष्ट मला नेहमी आपल्या प्रयोगशाळेत घेऊन जाते. म्हणून तीच सांगतो.

आपण दहावी झालो ते साल १९८५. त्याच वर्षी मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना नोबेल पारितोषिक मिळालं. रक्तातलं ‘एलडीएल’ कोलेस्टेरॉल पकडून पेशीत नेणारा रिसेप्टर त्यांनी शोधला होता. हा रिसेप्टर बनवणारं जनुक आई आणि वडील दोघांकडूनही सदोष आलं, तर मुलाला ऐन लहानपणीच हृदयविकार गाठू शकतो. पथ्य आणि नेहमीची औषधं तिथे फारशी चालत नाहीत.

मग चांगलं जनुकच पेशीत घातलं तर? अमेरिकेतले डॉ. जेम्स विल्सन याच प्रश्नामागे लागले. १९९२ साली मिशिगन विद्यापीठात त्यांच्या गटाने अशा एका रुग्ण स्त्रीच्या यकृताचा तुकडा काढला, त्यातल्या पेशींत निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत चांगलं जनुक घातलं आणि त्या पेशी तिच्याच यकृतात परत सोडल्या. कोलेस्टेरॉल उतरलं, पण थोडंच. पुढे आणखी चार रुग्णांवरही हा उपचार झाला. हा मार्ग पुरेसा नाही, हे त्यातून कळलं.

विल्सन फिलाडेल्फियाला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेले. आता जनुक वाहून नेण्यासाठी ॲडिनोव्हायरस होता आणि आजार वेगळा, पण यकृताचाच: शरीरातला अमोनिया बाहेर टाकता न येण्याचा. १३ सप्टेंबर १९९९ रोजी जेसी गेल्सिंगर या १८ वर्षांच्या मुलाला हा विषाणू दिला गेला. त्याचा आजार पथ्य आणि गोळ्यांनी आटोक्यात होता. पुढे जन्मणाऱ्या बाळांना उपयोग होईल म्हणून तो स्वतःहून आला होता. चार दिवसांनी तो गेला.

चौकशीत जे निघालं ते विद्यार्थ्यांना सांगताना माझा आवाज अजूनही खाली येतो. आधीच्या काही स्वयंसेवकांना झालेला गंभीर त्रास सरकारी यंत्रणेला वेळेवर कळवलेला नव्हता. अशा विषाणूने माकडं दगावली होती, ही गोष्ट संमतिपत्रात नव्हती. ज्या कंपनीचा या संशोधनाशी संबंध होता, तिच्यात विल्सन यांचा आर्थिक वाटा होता. त्यांच्या मानवी चाचण्या थांबल्या आणि जनुकोपचाराचं सारं क्षेत्रच कित्येक वर्षं मागे गेलं.

विल्सन प्रयोगशाळेत परतले आणि जास्त सुरक्षित वाहक शोधत राहिले. त्यांच्या प्रयोगशाळेतून २००२ मध्ये ‘एएव्ही ८’ आणि पुढे ‘एएव्ही ९’ हे विषाणू पुढे आले. वर्तमानपत्रांत आपण ‘१६ कोटींचं इंजेक्शन’ म्हणून वाचलं, त्यात हाच ‘एएव्ही ९’ असतो. २००९ मध्ये त्यांनी जेसीच्या चाचणीतून मिळालेल्या धड्यांवर स्वतः लेख लिहिला. २०१८ मध्ये आणखी एक निबंध आला: अशा विषाणूची मात्रा फार वाढवली तर माकडांना आणि डुकरांच्या पिल्लांना गंभीर इजा होते. सगळं जग या उपचाराचं कौतुक करत असताना ही नकोशी निरीक्षणं त्यांच्याच प्रयोगशाळेने छापली. त्याने जेसी परत येत नाही. पण १९९९ साली जे राहून गेलं होतं, ते या वेळी झालं.

मित्रांनो, भिंगाच्या नाभीय अंतराचा प्रयोग आठवतोय? आमच्या गटाने शेजारच्या टेबलावरची वाचनं उतरवून उत्तर जुळवलं होतं. विज्ञानाच्या सरांनी वही न फाडता लाल शाईने एवढंच लिहिलं: ‘दिसलं ते लिहा.’ तेव्हा वाटलं, सर उगाच चिडले. एका चुकलेल्या वाचनाने कुणाचं काय बिघडणार होतं?

ती वही माझ्याकडे अजून आहे. मेळाव्याला येताना घेऊन येतो. सरांना दाखवायची आहे.