लेओनार्ट ऑयलर आणि ज्ञानोदय काळातील अकादमी : एक पुनर्विचार

अठराव्या शतकातील युरोपीय ज्ञानोदयाचा इतिहास आपल्या महाविद्यालयांतून बहुधा व्होल्तेर, रूसो, दिदेरो, माँतेस्क्य या नावांच्या आधारे शिकविला जातो. लेओनार्ट ऑयलर (१७०७-१७८३) यांचे नाव गणिताच्या अभ्यासक्रमात पदोपदी भेटते. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात मात्र ते क्वचितच आढळते. आढळलेच तर एक अफाट आकडेमोड करणारा, धर्मभीरू, काहीसा भोळा विद्वान एवढीच त्यांची ओळख दिलेली असते. ही प्रतिमा प्रामुख्याने बर्लिनच्या दरबारात घडली आणि ती घडविणाऱ्यांच्या हाती लेखणी अधिक धारदार होती, म्हणून ती टिकली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ज्ञानोदयाची जी दुसरी बाजू अकादमी, पाठ्यग्रंथ आणि सार्वत्रिक चिन्हव्यवस्था यांतून उभी राहिली, तिचा विचार ऑयलर यांना वगळून करता येत नाही.

ऑयलर यांचा जन्म १५ एप्रिल १७०७ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे झाला. वडील धर्मोपदेशक होते. मात्र त्यांनी तरुणपणी याकोब बेर्नुली यांच्याकडे गणिताचे पाठ घेतले होते. लेओनार्ट तेराव्या वर्षी विद्यापीठात दाखल झाले. त्यांनीही धर्मोपदेशक व्हावे ही वडिलांची इच्छा होती. याकोब यांचे बंधू योहान बेर्नुली यांनी दर शनिवारी दुपारी या मुलाच्या शंकांचे निरसन करण्याचे मान्य केले आणि पुढे वडिलांचे मन वळविले. १७२७ मध्ये बाझेल विद्यापीठातील भौतिकीचे अध्यापकपद ऑयलर यांना मिळाले नाही. त्याच वर्षी ते रशियास गेले.

पीटर द ग्रेटने संकल्पिलेली सेंट पीटर्सबर्गची अकादमी त्या वेळी अगदी नवी होती. ऑयलर यांना आरंभी तेथे शरीरक्रियाशास्त्राच्या विभागात बोलावण्यात आले होते, ही बाब त्या काळातील ज्ञानशाखांच्या सैल सीमा दर्शविते. १७३३ मध्ये डॅनिएल बेर्नुली बाझेलला परतले आणि गणिताचे प्रमुख अध्यापकपद ऑयलर यांच्याकडे आले. अकादमीने वेतन दिले, मुद्रणालय दिले, वेळ दिला. त्याच्या मोबदल्यात नकाशे, नौकाबांधणी, शालेय अंकगणिताचे पुस्तक अशी राज्याला हवी असलेली कामेही करून घेतली. याच काळात त्यांची उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. नकाशांच्या कामाचा ताण हे त्याचे कारण असल्याचे ते स्वतः मानत.

१७३५ मध्ये त्यांनी सोडविलेला 'बाझेलचा प्रश्न' त्यांच्या कीर्तीचे मूळ ठरला. एक, एक चतुर्थांश, एक नवमांश, एक षोडशांश अशी वर्गसंख्यांच्या व्यस्तांची अनंत बेरीज किती होते, हा प्रश्न याकोब बेर्नुली यांच्यासह अनेकांना सुटला नव्हता. ऑयलर यांचे उत्तर होते : 'पाय'च्या वर्गाचा सहावा भाग. जेथे वर्तुळाचा मागमूस नाही तेथे वर्तुळाचा स्थिरांक प्रकट व्हावा, याचे समकालीनांना वाटलेले आश्चर्य आजही वर्गात नव्याने अनुभवता येते. त्यांची मूळ सिद्धता आजच्या कसोटीवर सदोष होती हे खरे. पुढे त्यांनी स्वतःच अधिक काटेकोर सिद्धता दिल्या.

याच अकादमीत भारताशी संबंध असलेले एक प्रकरण घडले आणि आपल्या दृष्टीने ते विशेष लक्षणीय आहे. ऑयलर यांचे सहकारी, प्राच्यविद्यापंडित थेओफिल बायर यांनी १७३८ मध्ये बॅक्ट्रियातील ग्रीक राज्याचा इतिहास प्रसिद्ध केला. त्याला पुरवणी म्हणून भारतीय कालगणनेविषयीची माहिती जोडलेली होती. ती तमिळ प्रदेशातील तरंगमबाडी येथील डॅनिश मिशनच्या धर्मोपदेशकांकडून आलेली होती. तीसोबत भारतीयांच्या सौरवर्षावर ऑयलर यांचे एक छोटे टिपण आहे. दक्षिणेत रूढ असलेले आर्यभटाचे वर्षमान ३६५ दिवस १५ घटी ३१ पळे १५ विपळे, म्हणजेच ३६५ दिवस ६ तास १२ मिनिटे ३० सेकंद एवढे आहे. युरोपीय वर्षाहून ते मोठे का, याचा उलगडा ऑयलर यांनी ते वर्ष सांपातिक नसून नाक्षत्र आहे असा केला. शं. बा. दीक्षितांच्या 'भारतीय ज्योतिषशास्त्रा'तील वर्षमानांची चर्चा ज्यांनी वाचली आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. परंतु परक्या परंपरेचा आकडा चुकीचा ठरविण्याआधी तो कोणत्या व्याख्येनुसार बरोबर आहे, हे शोधण्याची ही वृत्ती विवेकवादाचीच खूण म्हटली पाहिजे.

१७४१ मध्ये रशियातील राजकीय अस्थैर्यामुळे ऑयलर प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकच्या निमंत्रणावरून बर्लिनला आले व पंचवीस वर्षे तेथे राहिले. अनंताच्या विश्लेषणाची प्रस्तावना करणारा त्यांचा ग्रंथ (१७४८) आणि अवकलनावरील ग्रंथ (१७५५) येथेच सिद्ध झाले. फलन ही संकल्पना विश्लेषणाच्या केंद्रस्थानी आणण्याचे श्रेय यांपैकी पहिल्या ग्रंथाला जाते. फलनाचे चिन्ह, 'ई' हा स्थिरांक, बेरजेसाठी 'सिग्मा' ही चिन्हे त्यांची. 'पाय' त्यांचे नव्हे, पण रूढ त्यांच्यामुळे झाले. आपण फळ्यावर लिहितो ती गणिताची भाषा बऱ्याच अंशी त्यांची आहे.

फ्रेडरिकला मात्र फ्रेंच वाक्चातुर्य हवे होते. सान्सूसी येथील कारंज्याची कथा प्रसिद्ध आहे. ऑयलर यांनी भूमितीनुसार यंत्र रचले, पण पाण्याचा थेंबही तलावापर्यंत चढला नाही, असे राजाने १७७८ मध्ये व्होल्तेरला उपहासाने लिहिले. ही कथा शुद्ध गणिताच्या निरुपयोगितेचा दाखला म्हणून अद्याप सांगितली जाते. वस्तुस्थिती निराळी होती. ऑयलर यांनी १७४९ मध्येच नळांतील दाबाचे गणित मांडून, वापरलेले लाकडी नळ तो सोसू शकणार नाहीत असा इशारा दिला होता. नळ फुटत राहिले; दोष काटकसरीचा होता, अपकीर्ती गणिताच्या वाट्याला आली.

अकादमीचे अध्यक्ष मोपेर्त्वी यांच्या १७५९ मधील मृत्यूनंतर प्रत्यक्ष कारभार ऑयलर पाहत होते, तरी अध्यक्षपद त्यांना मिळाले नाही. ते पद दालाँबेर यांना देऊ करण्यात आले. त्यांनी ते नाकारून ऑयलर यांचेच नाव सुचविले. प्रशियातील पंचांगविक्रीचा मक्ता हा अकादमीच्या उत्पन्नाचा मुख्य आधार होता. त्याच्या व्यवस्थेवरून राजाशी वाद झाला आणि १७६६ मध्ये ऑयलर यांनी बर्लिन सोडले. त्यांच्या जागी लाग्रांज आले, तेव्हा एका डोळ्याच्या गणितीऐवजी दोन डोळ्यांचा गणिती मिळवून दिल्याबद्दल फ्रेडरिकने दालाँबेर यांचे आभार मानले.

येथे ऑयलर यांना निर्दोष ठरविण्याचा हेतू नाही. लघुतम क्रियेच्या तत्त्वावरून उद्भवलेल्या वादात त्यांनी १७५२ मध्ये मोपेर्त्वी यांची बाजू घेऊन, क्योनिग यांनी उद्धृत केलेले लायब्निट्सचे पत्र बनावट असल्याचा निवाडा अकादमीकडून करवून घेतला. विरोधकाला दिलेली ती वागणूक न्याय्य नव्हती. व्होल्तेर यांच्या उपहासाचे काही शिंतोडे त्यांच्यावर उडाले, ते सर्वस्वी अकारण नव्हते. १७४७ मध्ये स्वतंत्र विचारवंतांविरुद्ध त्यांनी धर्माची बाजू मांडणारी पुस्तिकाही लिहिली. परंतु धर्मश्रद्धा म्हणजे ज्ञानोदयाबाहेरचा माणूस, हे समीकरण फ्रेंच उदाहरणावरून बेतलेले आहे; जर्मन आणि स्विस प्रदेशांत ते लागू पडत नाही.

पीटर्सबर्गला परतल्यावर दुसऱ्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. १७७१ मधील शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्ग होऊन दृष्टी जवळजवळ संपूर्ण गेली. त्याच वर्षी त्यांच्या घराला आग लागली. बाझेलच्याच एका कारागिराने त्यांना खांद्यावरून बाहेर काढले. ग्रंथसंग्रह जळाला, हस्तलिखिते वाचली. तरीही त्यांच्या लेखनाचा सुमारे निम्मा भाग या उत्तरकाळातील आहे. एनेस्ट्रोम यांच्या सूचीत एकूण ८६६ नोंदी आहेत. हे केवळ स्मरणशक्तीचे नवल मानणे अपुरे होय. चंद्राच्या गतीवरील १७७२ च्या ग्रंथामागे पुत्र योहान आल्ब्रेख्त, क्राफ्ट आणि लेक्सेल यांचे श्रम होते. बीजगणिताचा ग्रंथ त्यांनी शिंप्याच्या हाताखाली काम शिकलेल्या एका तरुणाला सांगून लिहविला. लिहिता लिहिता तो तरुण स्वतः बीजगणित शिकला, असे प्रस्तावनेत नमूद आहे.

बर्लिनमध्ये १७६० ते १७६२ या काळात फ्रीडेरिके शार्लोटे या तरुण राजकन्येसाठी लिहिलेली २३४ पत्रे १७६८ ते १७७२ मध्ये पीटर्सबर्ग येथे फ्रेंच भाषेत तीन खंडांत प्रसिद्ध झाली. ध्वनी, प्रकाश, गुरुत्वाकर्षण, तर्कशास्त्र, विद्युत्, चुंबकत्व हे विषय त्यांत गणिती चिन्हांच्या आधाराविना समजावून दिले आहेत. ज्याला दरबारी संभाषण जमत नाही अशी टीका होई, त्या विद्वानाचे हे पुस्तक युरोपभर वाचले गेले. १८ सप्टेंबर १७८३ रोजी ऑयलर निवर्तले. पॅरिसच्या अकादमीत त्यांचे गौरवपर चरित्र वाचणारे काँदोर्से यांनी १७८७ पासून या पत्रांची नवी आवृत्ती काढली आणि तीतून धर्मविषयक परिच्छेद वगळले. विचारस्वातंत्र्याच्या कैवाऱ्याने केलेली ही काटछाट लंडनमधील स्कॉटिश धर्मोपदेशक हेन्री हंटर यांना खटकली. १७९५ मध्ये इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध करताना त्यांनी काँदोर्से यांना त्याबद्दल दोष दिला आणि वगळलेला मजकूर पुन्हा समाविष्ट केला.