मुंबई उपनगरांतील जुन्या घरांची नळव्यवस्था

मुंबई उपनगरांतील जुन्या घरांची नळव्यवस्था म्हणजे वांद्रे, खार, जुहू, वर्सोवा, मालाड आदी समुद्रालगतच्या उपनगरांतील जुन्या बंगल्यांत व सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या इमारतींत पाणी आत आणणाऱ्या आणि सांडपाणी बाहेर नेणाऱ्या वाहिन्यांची रचना होय. खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि ठरावीक वेळीच येणारे पाणी या तिन्हींचा ताण या रचनेवर एकाच वेळी पडतो. तिचा बराचसा भाग भिंतीत वा जमिनीखाली असल्याने बिघाड बहुधा उशिरा ध्यानात येतो.

स्वरूप

ही उपनगरे १९५० व १९५७ साली बृहन्मुंबईत समाविष्ट झाली. त्यानंतरच्या इमारतींत महापालिकेचे पाणी तळटाकीत साठवून पंपाने गच्चीवरील टाकीत चढविण्याची व तेथून घरोघरी उतरविण्याची पद्धत रूढ झाली. नळ जस्तलेपित लोखंडाचे असत. व्यवहारात त्यांना 'जी.आय. पाइप' म्हणतात. मैला व सांडपाणी वाहून नेण्यासाठी मागील भिंतीवरून बिडाच्या वाहिन्या उतरविलेल्या असत. त्यांचे सांधे तागाचा पीळ ठासून व वितळलेले शिसे ओतून बंद केले जात.

क्षरण

जस्ताचा लेप हा केवळ आवरण नव्हे. जस्त लोखंडाआधी स्वतः झिजते आणि त्यामुळे लोखंड वाचते. हवेतील व गिलाव्यातील क्लोराइड क्षार ही झीज वेगाने घडवितात आणि जस्त संपले की लोखंड उघडे पडते. आतल्या बाजूस गंजाचे व क्षारांचे थर साचून नळाचे तोंड अरुंद होते. सकाळी तोटी उघडताच येणारे तांबूस पाणी हे त्याचे पहिले लक्षण होय. गच्चीवरील टाकीला सर्वांत जवळ असूनही वरच्या मजल्यावर पाण्याची धार बारीक होते, कारण तेथे पाण्याला उंचीचा दाब मुळातच कमी असतो.

गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे भिंतीत पुरलेल्या नळालगतचा गिलावा फुगतो, तडकतो व त्याचे पोपडे पडतात. सर्वांत दुबळी जागा म्हणजे आटे पाडलेला सांधा. तेथे नळाची जाडी कमी झालेली असते आणि आटे पाडताना लेपही निघून जातो. पितळी झडप किंवा गिझरचा तांब्याचा नळ थेट लोखंडाला जोडल्यास दोन धातूंच्या संयोगाने लोखंड अधिकच लवकर झिजते. म्हणूनच गळका तुकडा काढून तेवढाच नवा बसविण्याची प्रचलित रीत स्वस्त वाटली, तरी क्वचितच टिकते. गळती पुढच्या सांध्याकडे सरकते.

पाण्याचे दूषण

ओल व पोपडे यांपेक्षा गंभीर प्रश्न रस्त्यावरील मुख्य जलवाहिनीपासून तळटाकीपर्यंतच्या तुकड्याचा आहे. हा नळ अनेक ठिकाणी गटाराशेजारून किंवा गटारातूनच जातो. पाणी चालू असताना आतील दाबामुळे ते छिद्रातून बाहेर झिरपते. पुरवठा थांबला की दाब नाहीसा होतो आणि त्याच छिद्रातून भोवतालचे सांडपाणी आत ओढले जाते. पावसाळ्यात भरतीच्या वेळी पर्जन्यजल वाहिन्यांतील पाणी तुंबते, तेव्हा हा धोका वाढतो. कावीळ (हिपॅटायटिस ए व ई), विषमज्वर आणि जुलाब-उलट्यांचे विकार अशा पाण्यातून पसरतात. तळटाकीच्या भिंतीला तडा असेल आणि मलनिस्सारणाचे चेंबर जवळ असेल, तर टाकी वर्षातून दोनदा धुऊनही दोष जात नाही. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर मुक्त क्लोरीन शिल्लक असावा लागतो. तळटाकीत तो न आढळल्यास हा नळ तपासणे आवश्यक ठरते.

जुन्या बंगल्यांच्या आवारातील विहिरींतून अति उपसा झाल्यास भूगर्भात समुद्राचे पाणी आत शिरते. असे मचूळ पाणी फ्लशसाठी वापरले, तरी त्यातील क्लोराइड लोखंडी नळांना घातकच असते.

सांडपाण्याच्या वाहिन्या

बिडाच्या वाहिनीच्या सांध्यात पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले पिंपळाचे वा वडाचे बी रुजते, हे दृश्य उपनगरांत जागोजागी दिसते. रोपटे वरवर छाटले तरी मूळ सांध्यात राहते, जाड होते व सांधा फोडते. घराच्या आत नहाणी ट्रॅपमध्ये साठलेले पाणी दुर्गंधी व झुरळे अडविते. घर दीर्घकाळ बंद राहिल्यास ते पाणी आटते.

दुरुस्ती

अलीकडे लोखंडाऐवजी सीपीव्हीसी नळ (आयएस १५७७८) वापरले जातात. ते गंजत नाहीत व गरम पाणीही सोसतात, मात्र उन्हात उघडे राहिल्यास ठिसूळ होतात. त्यांना धरणाऱ्या लोखंडी पट्ट्या खाऱ्या हवेत गंजतातच. तेथे स्टेनलेस स्टील वापरणे श्रेयस्कर. एक धोका सहसा ध्यानात घेतला जात नाही. काही जुन्या घरांत विजेचे अर्थिंग लोखंडी नळालाच जोडलेले असते. नळ प्लास्टिकचे झाले की ते अर्थिंग तुटते. त्यामुळे नळ बदलण्यापूर्वी वीजतंत्रज्ञाकडून तपासणी करून घेणे अनिवार्य आहे.

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरील जलवाहिन्या, टाक्या, पंप व मलनिस्सारण वाहिन्या यांची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने होते. संडास, मोरी इत्यादींतून होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकाने करावयाचा असतो. वरच्या व खालच्या सदनिकाधारकांतील वाद प्रायः या सीमारेषेवरच उद्भवतात. त्यांचा निवाडा करण्यासाठी वरच्या घराचा पाणीपुरवठा एक-दोन दिवस बंद ठेवून ओल घटते का हे पाहतात, अथवा न्हाणीघरात रंगीत पाणी सोडून ते खाली कोठे उमटते हे तपासतात. पावसाळ्यात पहिल्या चाचणीचा निष्कर्ष फसवा ठरू शकतो, कारण त्या काळात बाह्य भिंतींतूनही पाणी झिरपते.