टपालघरासाठी रणगाडा

बुलडोझर या शब्दाशी अलीकडे आपली ओळख जरा जास्तच वाढली आहे. 1960 साली कॅलिफोर्नियातल्या वेस्ट ओकलंडमध्ये घरं पाडायला चक्क दुसऱ्या महायुद्धातला जुना शर्मन रणगाडा आणला होता. पाडायचे होते सुमारे बारा ब्लॉक, बहुतेक लाकडी व्हिक्टोरियन घरांचे. राहणारे मुख्यतः काळे अमेरिकन. आणि तिथे उभं राहायचं होतं पत्रं वेगळी करण्याचं केंद्र.

पत्रं वेगळी करायला एवढी जमीन कशाला? अमेरिकेत पूर्वी हे काम मोठ्या प्रमाणात धावत्या रेल्वेतच चालायचं. डब्यात कारकून उभे असायचे आणि पुढचं स्टेशन येईपर्यंत थैल्या तयार व्हायच्या. म्हणून मोठी टपालघरं स्टेशनला खेटून, अनेक मजल्यांची बांधली गेली. युद्धानंतर प्रवासी गाड्या कमी झाल्या आणि टपाल ट्रक-विमानांकडे गेलं. 1963 मध्ये झिप कोड आला. (आपला पिन कोड 1972 चा. तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे पंडित होते.) आकडे आले की यंत्रं येतात. यंत्रांना सपाट, लांबरुंद मजला लागतो आणि बाहेर ट्रक वळवायला मोकळी जागा लागते. मग अनेक ठिकाणचं काम एकाच केंद्रात आणायचं ठरतं.

जुनी व्यवस्था खरंच थकली होती, हेही मान्य करायला हवं. ऑक्टोबर 1966 मध्ये शिकागोचं बहुमजली टपालघर जवळजवळ तीन आठवडे तुंबलं. एक कोटीच्या वर नग पडून राहिले. तेव्हा एकत्रीकरण चुकीचं होतं, असं मी म्हणणार नाही. प्रश्न जागा कुणाची घेतली हा आहे.

वेस्ट ओकलंडचा मोहल्ला रेल्वेनेच वसवला होता. रेल्वेचा शेवटचा थांबा तिथला, त्यामुळे पुलमन डब्यांमधले काळे पोर्टर तिथे घरं करून राहिले. त्यांच्या युनियनचे नेते सी. एल. डेलम्स तिथलेच. सेव्हन्थ स्ट्रीटवर खाणावळी, न्हाव्यांची दुकानं आणि गाण्याचे क्लब होते. स्लिम जेंकिन्सचा क्लब दूरवर माहीत होता. सरकारी कागदावर मात्र हा भाग ‘जीर्ण वस्ती’. एकदा हा शिक्का बसला की भूसंपादन सोपं जातं. कोणती वस्ती जीर्ण ठरते आणि कोणती ‘वारसा’ ठरते, हे विटांवरून ठरत नाही. 1950 च्या दशकात याच मोहल्ल्याच्या छातीवरून सायप्रस फ्रीवे गेला होता. पुढे सेव्हन्थ स्ट्रीटवर बार्ट रेल्वेचा उन्नत मार्ग आला. मधल्या काळात टपालाने शेकडो कुटुंबं उठवली. घरं गेल्यावर दुकानांची गिऱ्हाइकं गेली, आणि दुकानांमागून क्लबही. केंद्र उभं राहीपर्यंत ते दशक संपत आलं होतं.

यातली कडू गोष्ट म्हणजे टपालखातं हेच काळ्या अमेरिकनांच्या स्थिर नोकरीचं मोठं ठिकाण होतं. एका हाताने घर घेतलं, दुसऱ्या हाताने पगार दिला. पगार मिळाला म्हणून गेलेला शेजार परत येत नाही.

पुढे चक्र उलटं फिरलं. फर्स्ट क्लास टपालाचा कळस 2001 चा, सुमारे 103 अब्ज नग. नंतर ईमेलने ते उतरत गेलं आणि 2012 पासून केंद्रंही मोठ्या संख्येने बंद होऊ लागली. आता टपाल शहरातल्या मोक्याच्या जमिनी सोडू लागलं. शिकागोचं जुनं टपालघर, ज्याच्या पोटातून हमरस्ता जातो, ते 1990 च्या दशकातच रिकामं झालं होतं. वीसेक वर्षं पडून राहिल्यावर 2016 मध्ये विकलं गेलं आणि आज तिथे कंपन्यांची कार्यालयं आहेत. पोर्टलंडमध्ये काम विमानतळाजवळ हलवलं आणि पर्ल डिस्ट्रिक्टमधली सुमारे 13 एकर जागा शहराच्या विकास संस्थेने 2016 मध्ये 8 कोटी 80 लाख डॉलरला घेतली. तिथे परवडणाऱ्या घरांचा वाटा असेल, असं ठरलं आहे. तो लोकांनी भांडून मिळवला.

ओकलंडचं केंद्र मात्र सेव्हन्थ स्ट्रीटवर अजून आहे. शहरातल्या जमिनीला आता सोन्याचा भाव आहे. उद्या ते हललं, तर त्या बारा ब्लॉकवर पहिला हक्क कुणाचा? 1960 साली ज्यांना उठवलं, त्यांची नातवंडं आज भाडं परवडत नाही म्हणून शहराबाहेर जात आहेत.