वानराची वाणी व माणसाचे कान

हनुमंताचें पहिलेंच भाषण ऐकून रामानें त्याच्या व्याकरणशुद्ध वाणीची वाखाणणी केली, ही वाल्मीकिरामायणांतील कथा वाचकांस परिचित आहेच. पंचतंत्रांतील माकडही मगराशीं बोलतें तें आपल्याच भाषेंत. प्राण्यानें बोलावयाचें तर माणसासारखेंच बोलावें, ही कल्पना कवींस शोभून दिसते. परंतु विसाव्या शतकांतील शास्त्रज्ञांनींही प्रथम तीच मनांत धरिली, आणि तिची किंमत कांहीं मुक्या जीवांस द्यावी लागली. चिंपांझीस बोलतें करण्याच्या त्या प्रयत्नांचा इतिहास येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

इ. स. १९३१ मध्यें अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ विन्थ्रॉप केलॉग व त्यांची पत्नी लुएला यांनीं 'गुआ' नांवाची साडेसात महिन्यांची चिंपांझी घरीं आणिली व डोनल्ड या आपल्या दहा महिन्यांच्या मुलाबरोबर तिला वाढविलें. दोघांस सारखेच कपडे, सारखेंच जेवण, सारखेच लाड! गुआ चमच्यानें खाऊं लागली, सांगितलेलें समजूं लागली. पण मानवी शब्द एकही तिच्या मुखांतून निघाला नाहीं. उलट खाऊ दिसतांच डोनल्डच तिच्यासारखे हुंकार काढूं लागला. नऊ महिन्यांनीं प्रयोग थांबला. गुआची रवानगी फ्लॉरिडांतील वानर-संशोधनकेंद्रांत झाली आणि १९३३ च्या डिसेंबरांत, जेमतेम तीन वर्षांची असतांना, ती न्यूमोनियानें मरण पावली.

पुढें १९४७ सालीं जन्मलेल्या 'विकी'चा सांभाळ कीथ व कॅथरिन हेझ या दांपत्यानें पोटच्या मुलीप्रमाणें केला. तिचे ओठ बोटांनीं धरून, मिटवून, त्यांनीं तिला उच्चार शिकविले. वर्षानुवर्षांच्या या खटपटीचें फळ काय? 'मामा', 'पापा', 'कप' व 'अप' हे चार शब्द, आणि तेही घोगऱ्या श्वासांत कसेबसे उमटणारे. विकी १९५४ सालीं वारली.

दोष शिष्येचा नव्हता. चिंपांझीचे हुंकार बव्हंशीं भावनेच्या लाटेबरोबर निघतात. ओठ, जीभ व कंठ यांवर माणसाच्या मेंदूची जी बारीक हुकमत चालते, ती त्यास लाभलेली नाहीं. हात मात्र त्याच्या पूर्ण स्वाधीन असतात. मूकबधिरांप्रमाणें या प्राण्यांस हस्तसंकेत शिकवून पाहावे, असें रॉबर्ट यर्किस यांनीं १९२५ सालींच सुचविलें होतें. पण ती सूचना प्रत्यक्षांत यावयास चाळीस वर्षें लागलीं.

१९६६ मध्यें नेव्हाडा विद्यापीठांतील ॲलन व बिआट्रिक्स गार्डनर यांनीं 'वाशो' नांवाच्या लहान चिंपांझीस अमेरिकन मूकबधिरांची संकेतभाषा शिकविण्यास आरंभ केला. तिच्यासमोर कोणीं मुखानें बोलावयाचें नाहीं, असा त्या घरचा नियम होता. चार-सव्वाचार वर्षांत वाशोस १३२ संकेत अवगत झाले. याहून विलक्षण गोष्ट पुढें घडली. १९७९ सालीं तिचें स्वतःचें पिलूं दगावल्यावर 'लूलिस' हें दुसरें पिलूं तिच्या ओटींत घालण्यांत आलें. सात संकेत वगळतां माणसांनीं त्याच्यासमोर हस्तसंकेत करावयाचे नाहींत, असें ठरलें होतें. तरीही लूलिस वाशोपासून व तिच्या सोबत्यांपासून कित्येक संकेत उचलता झाला!

परंतु याच सुमारास शंकेचा आवाजही उठला. कोलंबिया विद्यापीठांतील हर्बर्ट टेरेस यांनीं १९७३ सालीं जन्मलेल्या 'निम'ला सुमारें १२५ संकेत शिकविले. मग चित्रफिती बारकाईनें तपासून १९७९ मध्यें त्यांनीं निष्कर्ष प्रसिद्ध केला कीं, निम बहुधा शिक्षकाचींच चिन्हें परत करितो. त्याच्या संकेतांत वाक्यरचना नाहीं. त्याचा सर्वांत लांब उद्गार १६ संकेतांचा, आणि त्याचा सारा मतलब एवढाच कीं, मला संत्रें द्या. गार्डनर यांस हें मत मान्य झालें नाहीं. तथापि वाक्य रचण्याची मानवी कला चिंपांझीस साधते असें म्हणण्याइतका पुरावा आजही नाहीं.

निष्कर्ष कांहींही असो. निमचें पुढें काय झालें, हें आम्हांस अधिक विचारणीय वाटतें. माणसांच्या घरांत, माणसांच्या हातांवर वाढलेला हा जीव १९७७ मध्यें पुनः ओक्लाहोमांतील पिंजऱ्यांत गेला, आणि १९८२ सालीं वैद्यकीय प्रयोगशाळेस विकला गेला. लोकांनीं ओरड केली म्हणून तो सुटला, व टेक्सासमधील एका प्राणिआश्रमांत २००० सालीं मरण पावला. ज्यास आम्हीं आमच्या भाषेंत मागणें मागावयास शिकविलें, त्याचें मागणें ऐकण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न प्रयोगाच्या आखणींत कोठेंच नव्हता.

दुसरा मार्ग अरण्यांतून जात होता. १९६० सालीं जेन गुडॉल टांगानिकांतील गोंबे येथें गेल्या. त्यांनीं चिंपांझीस कांहीं शिकविलें नाहीं, त्यांस पाहिलें. भेटीअंतीं आलिंगन देणारे, भिक्षेसाठीं तळहात पसरणारे, दूरच्या सोबत्यांस दीर्घ हुंकारांनीं साद घालणारे चिंपांझी जगास तेव्हां नीट कळले. युगांडांतील बुडोंगो अरण्यांत २०१२ मध्यें असें दिसून आलें कीं, वाटेवर ठेवलेला खोटा साप पाहिलेला चिंपांझी, ज्यांस तो ठाऊक नाहीं अशा सोबत्यांजवळ अधिक वेळां इशारा देतो. तेथेंच कॅथरिन होबेटर व रिचर्ड बर्न यांनीं ६६ प्रकारचे हावभाव नोंदविले आणि २०१४ सालीं त्यांतून १९ अर्थ निश्चित केले. पान दातांनीं कुरतडणें ही प्रणययाचना, असा तो कोश आहे.

आणि २०२३ मध्यें या इतिहासास एक सुखद कलाटणी मिळाली. हजारों सामान्य लोकांस चिंपांझी व त्यांचे आप्त बोनोबो यांच्या हावभावांच्या चित्रफिती दाखवून चार पर्यायांतून अर्थ निवडावयास सांगितलें, तेव्हां निम्म्याहून अधिक उत्तरें बरोबर आलीं. कोणाचीही शिकवणी नसतांना! म्हणजे त्या जुन्या भाषेची ओळख आपल्याही अंगीं कोठें तरी शिल्लक असावी. गुआपासून निमपर्यंत परीक्षा घेतली गेली ती वानराच्या जिभेची व हातांची; माणसाच्या कानाडोळ्यांची परीक्षा त्यानंतर कितीतरी वर्षांनीं झाली. ती आधीं झाली असती, तर त्या चौघांपैकीं कांहींचें आयुष्य त्यांच्या आप्तांतच गेलें असतें, असें आम्हांस वाटतें.